सहा शर्ट, आठ दिवस

शुक्रवारी दुपारी चार वाजता डायचं पोलाद कापायला सुरुवात होणार होती, आणि सकाळपासून माझी पाठ खुर्चीला लागली नव्हती. आमचा कारखाना हँगरचा. प्लास्टिक वितळवून साच्यात सोडायचं, थंड झालं की पडला हँगर. या साच्याला डाय म्हणतात. ती पोलादाच्या ठोकळ्यातून कोरून काढावी लागते, आणि एकदा कोरली की कोरली. कागदावरची रेघ खोडता येते, पोलादातली येत नाही. डायवाले काका हे वाक्य मला दिवसातून तीनदा ऐकवायचे, आणि ते काही मला धीर यावा म्हणून नव्हे.

कोरायचा होता तो माझा हँगर. मी शिकलेली डिझायनर वगैरे नाही. नऊ वर्षं पॅकिंगच्या टेबलापाशी उभं राहून बारा-बारा हँगरचे गठ्ठे बांधले. हात चालू असले की माझं तोंडही चालतं. ‘याचा खांदा टोकदार आहे, शर्टाला शिंगं फुटतील’, ‘याचा आकडा गरागरा फिरतोय’ अशी टीका मी फुकटात करत असे. एकदा मालक मागे उभे राहून ऐकत होते. म्हणाले, “उंटावरून शेळ्या हाकू नकोस. जमत असेल तर करून दाखव.” असं मला ड्रॉइंगच्या खोलीत टेबल मिळालं, सहा महिन्यांच्या बोलीवर. जमलं तर टेबल कायमचं, नाही जमलं तर परत गठ्ठे. पॅकिंगच्या बायकांनी माझं नाव ‘सुरकुतीबाई’ ठेवलं आणि टेबलापाशी माझी जागा रिकामी ठेवली. प्रेमानेच ठेवली, म्हणून तर ती जास्त टोचायची.

कारण मला काढायचा होता सुरकुती पडू न देणारा हँगर. कपाटात कितीही कोंबा, शर्ट काढला की थेट अंगात घालता आला पाहिजे. सहा महिन्यांत मला माणसं दिसेनाशी झाली, नुसत्या चुण्या दिसायला लागल्या. एकदा रांगेत पुढे उभ्या असलेल्या गृहस्थांच्या पाठीवरची चुणी मी चक्क हाताने सरळ केली. ते दचकून वळले. आता काय सांगणार त्यांना? मी म्हटलं, “मुंगी होती.”

चुणी पडते ती गर्दीमुळे, एवढं मला कळलं होतं. शर्टाला शर्ट खेटतो आणि चेंगरतो. म्हणून मी हँगरचे खांदे माणसाच्या खांद्यांसारखे गोल केले आणि इतके जाड, की दोन शर्टांमध्ये चार बोटं जागा राहावी. कॉलरखाली आधार दिला. आकडा पक्का केला, फिरण्याची सोयच ठेवली नाही. मालकांनी मी लाकडातून करून घेतलेले सहा नमुने हातात घेऊन उलटसुलट केले आणि अट घातली. चाचणी ऑफिसात नाही, घरातल्या कपाटात. इस्त्री केलेले सहा शर्ट जुन्या हँगरवर, सहा नव्यावर, कपाट खच्चून भरायचं आणि आठ दिवस रोज सकाळी फोटो काढायचे. इतक्या गर्दीत शर्टाआतला हँगर जुना की नवा ते चटकन कळत नाही. सकाळच्या घाईत माझा घोळ होऊ नये म्हणून नव्या सहाही हँगरांच्या मानेला मी तांबडा दोरा बांधला.

आमच्या घरात जागा होईल असं कपाट एकच, सासऱ्यांच्या खोलीतलं. त्यांना मी बाबा म्हणते. बाबांनी अडतीस वर्षं एका मोठ्या लाँड्रीत इस्त्री केली. कॉलरवरून बोट फिरवून ते सांगायचे की हा माणूस मान वाकडी करून झोपतो. गेल्या वर्षी मात्र ते गरम इस्त्री टेबलावर विसरले. टेबलाला बशीएवढं भोक पडलं, आणि माझ्या नवऱ्याने त्याच संध्याकाळी इस्त्री कुणाला तरी देऊन टाकली. हळूहळू त्यांनी रोजची दाढी सोडली, मग फिरायला जाणं सोडलं. चाचणीचे बारा शर्ट मी बाहेरून इस्त्री करून आणले आणि त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांच्याच कपाटात लावले. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला तेव्हा हँगरपलीकडे काहीच वाटत नव्हतं.

पहिल्या सकाळी जुन्यावरच्या शर्टांवर बारीक चुण्या होत्या, नव्यावरचे स्वच्छ. चौथ्या दिवशी जुने शर्ट कुणीतरी अंगात घालून झोपल्यासारखे झाले होते आणि नवे जसेच्या तसे. आठव्या दिवशी, म्हणजे त्याच शुक्रवारी सकाळी, नव्यावरचा शर्ट लाँड्रीतून आत्ता आणल्यासारखा होता. बाहीची धारसुद्धा मला मोडलेली दिसली नाही. फोटो बघून मालकांनी पाठ थोपटली, डायला मंजुरी दिली. आणि तरी माझा जीव टांगणीलाच. इतकं चांगलं कसं? माझ्या हातून? आयुष्यात माझी भाकरी कधी पहिल्या फटक्यात फुगली नाही.

बाबांचंही त्या आठवड्यात काहीतरी बदललं होतं. रोज दाढी. जेवताना दुसऱ्यांदा वाढून घेणं. माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसणं. मी मनात म्हटलं, हवा मानवली असेल.

दुपारी अडीचपर्यंत मी डायवाल्या काकांच्या मशीनभोवती पंधरा फेऱ्या मारल्या. ठोकळा वर चढवला होता, तेल सोडून तयार होता. शेवटी काका म्हणाले, “बाई गं, तुझ्या पायाला भिंगरी लागलीय. तू इथं घुटमळलीस तर माझा हात हलेल. जा कुठंतरी.” तेवढ्यात मालकांचा निरोप आला की व्यापारी यायचेत, नव्या हँगरवरचे दोन शर्ट घरून घेऊन ये. मला निमित्तच हवं होतं. मी निघाले.

तीन वाजून वीस मिनिटांनी मी दार उघडलं. स्वयंपाकघरात गॅसवर पाणी उकळत होतं. बाबांच्या खोलीत टेबलावर चादर चौपदरी घालून त्यावर माझ्या चाचणीतला एक शर्ट पसरला होता. बाबांच्या हातात स्टीलचा चपट्या बुडाचा डबा होता, आत उकळतं पाणी, बाहेरून फडकं गुंडाळलेलं. बाहीवरून ते तो डबा ढकलत होते. खांद्यापासून मनगटापर्यंत, एका दमात. हात थरथरत होता, पण डबा सरळ जात होता. चार शर्ट करून झाले होते, हा पाचवा होता, आणि सहावा अजून कपाटात होता.

मी पिशवी दारातच खाली ठेवली.

“बाबा, हे काय करताय?”

“आलीस?” ते जराही दचकले नाहीत. “घाबरू नकोस, पाणी मी अर्धाच डबा भरतो. सांडत नाही. दोन वाजता घेतो करायला, तू यायच्या आत सगळं जागच्या जागी. रविवारी तुम्ही दोघं बाजारात गेलात तेव्हा उरकलं.”

“रोज?”

“रोज. तू सांगितलंस ना.”

“मी? मी कधी सांगितलं?”

बाबांनी डबा उभा केला आणि कपाटातल्या सहाव्या हँगरच्या मानेकडे बोट दाखवलं. “तांबडा दोरा. आमच्याकडे मोठा मिस्त्री असाच बांधायचा. दोरा दिसला की त्या शर्टावरून रोज इस्त्रीचा हात फिरवायचा, गिऱ्हाईक येईपर्यंत. बिनदोऱ्याच्या कपड्याला हात लावायचा नाही, तो दुसऱ्याचा. आणि बोलायचं नाही कुणी. मला कळलं गं, तुझ्या नवऱ्याला समजू नये म्हणून तू तोंडाने बोलली नाहीस.” मग म्हणाले, “बरं केलंस पोरी. वर्षभर हात नुसते लोंबत होते.”

मी पलंगावर बसले. ओरडावंसं वाटत होतं. कुणावर ओरडू? आठ दिवसांचे फोटो, मालकांची शाबासकी, मशीनवर चढवलेलं पोलाद, सगळं या थरथरत्या हातांवर उभं होतं. माझा हँगर कुठे होता त्यात? दर हँगरबरोबर एक सासरा थोडाच बांधून देता येणार होता.

“बाबा, खरं सांगा. तुम्ही हात लावायच्या आधी हे शर्ट कसे असायचे?”

“खांदे सुरेख. कॉलर सुरेख. छातीला नाव ठेवायला जागा नाही. असा हँगर आमच्या लाँड्रीत असता तर माझं निम्मं काम वाचलं असतं.” त्यांनी पाचव्या शर्टाची बाही उचलून दाखवली. “पण बाही मोकाट आहे. तू दोन शर्टांमध्ये जागा दिलीस, त्या पोकळीत बाही जाऊन दुमडते. कोपराला मोडते. रोज मोडते. एकदा कोपराला मोडलेली बाही मग कोटाखालीसुद्धा लपत नाही.”

“मग सहा महिन्यांत एकदाही बोलला का नाहीत?”

“तू विचारलंस कुठं?”

ते टोमणा मारत नव्हते, आणि म्हणून मला जास्त लागलं. सहा महिने मी दुकानं पालथी घातली, अनोळखी माणसांच्या पाठी चाचपल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा. अडतीस वर्षं चुण्यांशी झटलेला माणूस माझ्याच घरात मला रोज ताटासमोर दिसत होता आणि मी त्याला फक्त “आमटी वाढू का” एवढंच विचारत होते. मला माझी लाज वाटली. साधी, सरळ लाज.

घड्याळात तीन पस्तीस झाले होते.

खोटं कशाला बोलू, पाच मिनिटं मी मालकांना फोन केला नाही. कुणाला कळणार होतं? फोटो होते. डाय निघाली असती, टेबल माझं झालं असतं. लोकांना बाहीची चुणी दिसायला दोन महिने लागले असते, आणि तोवर खापर फोडायला कापड होतं, हवा होती, कपाट होतं. मी खोलीत येरझाऱ्या घालत होते आणि बाबा पाचव्या शर्टाची दुसरी बाही करत होते. त्यांना घाई नव्हती. दोनदा त्यांनी डबा उचलून बूड गालाजवळ नेऊन ऊब पाहिली. मला एकदम वाटलं, या माणसाने अडतीस वर्षांत एकही मोडलेली बाही गिऱ्हाइकाच्या हातात दिली नसेल.

मी मालकांना फोन लावला.

“साहेब, पोलाद कापू नका.”

“का? काय झालं?”

“चाचणी खोटी आहे. घरात नव्या शर्टांना रोज इस्त्री होत होती. मला माहीत नव्हतं, आत्ता कळलं. बाही कोपराला मोडते.”

पलीकडे काकांच्या मशीनचा आवाज येत होता, चार वाजायच्या आधी ते नुसतंच फिरवून बघत होते. मालकांनी त्यांना थांबवलं आणि तो आवाज बंद झाला.

“कोण करत होतं इस्त्री?”

“घरातलंच माणूस. त्यांची चूक नाही. मी त्यांना नीट सांगितलं नव्हतं.”

“सहा महिने झाले बाई तुला,” मालक म्हणाले. ते चिडलेही नव्हते. “बोली तुझ्यासमोरच झाली होती. सोमवारी पॅकिंगला ये. आणि व्यापाऱ्यांना काय सांगायचं ते मी बघतो.”

फोन ठेवल्यावर मला वाटलं होतं रडू येईल, पण ते आलं नाही. मागे वळले तर बाबा डबा हातात धरून उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“म्हणजे मला काम दिलं नव्हतंस तू,” ते म्हणाले.

“दिलं होतं” म्हणणं सोपं होतं. त्यांचा चेहरा बघून जीभ तिकडेच वळत होती. पण आत्ता त्यांनीच तर मला बाहीबद्दल खरं सांगितलं होतं, आणि त्यांना तरी मी आणखी एक खोटा शर्ट कसा देणार?

“नव्हतं दिलं, बाबा.”

त्यांनी मान हलवली. कफ राहिला होता, तो पूर्ण केला, कारण अर्धं काम टाकून उठायचं त्यांच्या रक्तात नव्हतं. शर्ट हँगरवर चढवून त्यांनी तो बाकीच्या चारांच्या रांगेत लावला, डब्यातलं पाणी मोरीत ओतलं, फडकं पिळून खिडकीत वाळत घातलं. मी त्यांच्या मागे मागे फिरत होते. “उद्यापासून” असं मी दोनदा म्हटलं आणि दोन्ही वेळा पुढचं वाक्य सापडलं नाही.

ते परत खोलीत आले आणि कपाटासमोर उभे राहिले. सहावा शर्ट तसाच लटकत होता. काल दुपारी त्यांचा हात फिरला होता, त्याला एक दिवस झाला होता. आता त्यांनी सांगितल्यावर मलाही दिसली, उजव्या बाहीवर, कोपराच्या जरा वर, तिरकी पडलेली चुणी. त्यांचा हात तिच्याकडे गेला. तो मध्येच थांबला आणि परत आला.

“हा राहू दे,” ते म्हणाले. “आता आठ दिवस मी याला शिवत नाही. कुठून मोडायला सुरुवात होते, कशी वाढते, ते रोज बघून कागदावर काढ. पॅकिंगहून आलीस की काढ. तुला लागेल ते.”

मी कागद आणायला गेले. परत आले तेव्हा बाबा कपाटाचं दार उघडं ठेवून समोर खुर्चीवर बसले होते, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.