नावाडी घरी येतो

त्या वर्षी वहिनींनी जितके सिनेमे अनुभवले तितके उभ्या जन्मात अनुभवले नव्हते, आणि थेटराची पायरी मात्र एकदाही चढल्या नव्हत्या. सगळे सिनेमे त्यांना कामावर, टेबलापाशी उभ्याउभ्या मिळाले.

काम पुस्तकांच्या बाइंडिंगचं. छापलेले मोठाले कागद यायचे, ते दुमडून फर्मे करायचे, फर्मे क्रमाने लावायचे, मग शिलाई, मग पुठ्ठा. दुमडणीच्या लांब टेबलाच्या एका बाजूला वहिनी आणि समोर टॉकीज. टॉकीजचं खरं नाव पगाराच्या दिवशी मालकांना तेवढं आठवायचं. बाई दर रविवारी सिनेमाला जायची आणि सोमवारी पहिला कागद दुमडताना सांगायला सुरुवात करायची. लांबलचक सिनेमा असला तर बुधवारपर्यंत पुरायचा. मारामारीच्या वेळी तिची दुमडणीची पट्टी टेबलावर अशी काही आपटायची की कटरमशीनवरचे मामा तिकडून ओरडायचे, "अगं, कागद फाडशील!"

गाणीही तीच म्हणायची. गळा असा की मशीन चालू असलेलं बरं. पण वहिनींना त्याचीच सवय झाली. एकदा बसमध्ये खरंखुरं गाणं लागलं, भल्या मोठ्या गायकाचं, तर वहिनींनी शेजारणीला विचारलं, "हे कोण हो? चांगल्या गाण्याची पार वाट लावलीय."

आता वहिनी स्वतः का जात नव्हत्या, तर वर्षाच्या सुरुवातीलाच त्यांच्या यजमानांचं हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. ऑपरेशन पार पडलं, माणूस घरी आला, पण तेव्हापासून वहिनींभोवती एक कुजबुज सुरू झाली. डॉक्टर बोलायचे ते धाकट्या दिरांशी. मुलगा फोनवर म्हणायचा, "सगळं छान आहे, आई," आणि मग "बाबांना दे" म्हणून दहा मिनिटं हळू आवाजात बोलायचा. नणंदबाई तर वहिनी खोलीत आल्या की एकदम पडद्याच्या कापडाबद्दल बोलू लागायच्या. आजारी यजमान होते, पण जपणं चाललं होतं वहिनींचं. त्यांना याचा मनस्वी संताप यायचा. आपल्याला कुणी काही धड सांगत नाही, हे त्यांचं वर्षभराचं दुखणं होतं.

म्हणून त्यांचा जीव टॉकीजवर जडला. ही एकच बाई पहिल्यापासून शेवटपर्यंत, हातचं काही न राखता सांगते, असं त्यांना वाटायचं.

वर्षाच्या शेवटच्या शुक्रवारी दुपारनंतर मशिनं बंद व्हायची. टेबलावरचे कागद बाजूला सारून चहा मांडला जायचा आणि प्रत्येकाने आपला वर्षातला आवडता सिनेमा आणि आवडतं गाणं सांगायचं, अशी तिथली जुनी पद्धत होती. मालकांनी नेहमीप्रमाणे सांगितलं की सिनेमा बघायला वेळ कुठे असतो, आणि मग सहा सिनेमांची नावं घेतली. मामांना एकच गाणं आवडलं होतं, तेही त्यात शब्द कमी होते म्हणून. मग सगळे म्हणाले, "वहिनी, तुमचं?"

"माझा तो नावाड्याचा," वहिनी ठामपणे म्हणाल्या. "पूर आलाय, सगळं गाव पलीकडे नेऊन सोडतो, आणि शेवटी एक म्हातारी राहिली म्हणून परत होडी घालतो. बायको रात्रभर काठावर उभी. आणि सकाळी हा चिखलानं माखलेला, चालत येतो आणि विचारतो, चहा आहे का गं? काय शेवट केलाय! मी तर रडलेच बाई."

मामा मोठ्यांदा हसले. "कुठला येतोय? बुडतो तो, वहिनी. होडी तेवढी परत येते."

"काहीतरीच काय!"

"अहो, मी दोनदा पाहिलाय."

वहिनींनी टॉकीजकडे बघितलं. टॉकीज बिस्किटाचा पुडा उघडण्यात गुंग झाली होती, आणि पुडा तर आधीच उघडा होता.

"आणि त्या दुसऱ्या सिनेमातला, तो घड्याळं दुरुस्त करणारा?" वहिनींनी मामांना विचारलं. "दवाखान्यातून बरा होऊन येतो तो?"

आता मामांच्याही ध्यानात आलं. त्यांनी कपात डोकं घातलं. "चहा घ्या, वहिनी, गार होतोय."

"आणि ते गाणारे मास्तर? मामा, मी विचारतेय."

वहिनींना सगळं कळून चुकलं. वर्षभर त्यांच्या टेबलावर एकही नवरा, एकही बाप मेला नव्हता.

त्या उठल्या, डबा पिशवीत कोंबला आणि दाराकडे निघाल्या. टॉकीज मागे धावली.

"वहिनी, ऐका ना! मी पहिला एकच शेवट बदलला होता, शप्पथ. तुम्ही त्या दिवशी दवाखान्यातून थेट कामावर आला होतात. मास्तरांचं सांगत होते मी. तुम्ही पट्टी खाली ठेवलीत आणि म्हणालात, मग? वाचले का? माझ्या तोंडून नाही निघालं हो. मग पुढच्या सोमवारी पण नाही निघालं."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे? घरात सगळे माझ्याशी खोटं बोलतात. म्हटलं, एक तू तरी नाहीस."

वहिनी तशाच घरी आल्या आणि संध्याकाळभर भांडी आपटत राहिल्या.

यजमानांना शेवटी विचारावंच लागलं. वहिनींनी एवढंच सांगितलं की कामावर वर्षातला आवडता सिनेमा विचारला होता आणि आपण नावाड्याचा सांगितला. टॉकीजचं काही सांगितलं नाही. यजमानांनी पेपर उघडला. "हा बघ, पुन्हा लागलाय. वर्षातले गाजलेले परत दाखवतायत. रविवारी दुपारी जाऊ या."

"जिने आहेत तिथे."

"डॉक्टरांनी सांगितलंय, जिने चढा म्हणून. तुला आवडला ना? मग मला बघायचाय."

वर्षभरात माणसाने पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. वहिनींना नाही म्हणवेना.

रविवारी ते जिना सावकाश चढले, मधल्या वळणावर थांबून. सिनेमा सुरू झाला. नावाडी चांगला उंचापुरा होता, टॉकीजने सांगितलेल्यापेक्षा जरा जाडच. मध्यंतरात यजमान स्वतः जाऊन पाण्याची बाटली घेऊन आले आणि खुशीत येऊन बसले. मग पूर आला. नावाड्याने शेवटची होडी घातली, त्याची बायको कंदील घेऊन काठावर आली, आणि वहिनींनी शेजारी बघितलं. यजमान पुढे वाकून बसले होते. त्यांचा हात शर्टावरून, टाक्यांच्या जागी टेकला होता. सवयीनेच असेल, पण वहिनींनी पिशवी उचलली.

"अहो, चला," त्या म्हणाल्या. "बस जाईल."

"अगं, शेवट राहिलाय!"

"मला ठाऊक आहे ना शेवट. चला, सांगते वाटेत. नंतर गर्दीत जिना उतरायला नको."

यजमान मुकाट्याने उठले. बाहेर लख्ख ऊन होतं आणि बसचा अजून पत्ता नव्हता. थांब्यावरच्या बाकावर बसल्यावर ते म्हणाले, "हं, सांग."

वहिनींनी सांगायला सुरुवात केली आणि त्यांच्या लक्षात आलं की टॉकीजचा शेवट फारच थोडक्यात होता. त्यांनी आणखी भर घातली. होडी उलटते, पण नावाड्याच्या हाती झाडाची फांदी लागते. म्हातारी त्याच्या पाठीवर. रात्रभर तो तिला गोष्टी सांगून जागी ठेवतो. सकाळी पाणी उतरतं. सांगतासांगता त्यांचे हात हवेत दुमडणी करू लागले. टॉकीजच्या तोंडून त्या दिवशी का निघालं नाही, ते वहिनींना आता कुणी समजावून सांगायला नको होतं.

"आणि मग येतो घरी," त्या म्हणाल्या. "चिखलानं माखलेला."

यजमान हसले. "मध्यंतरात पाण्याच्या रांगेत एकजण बायकोला सांगत होता. बुडतो म्हणाला."

वहिनींची कानशिलं गरम झाली. "मग उठलात कशाला? बोलला का नाहीत?"

"तू इतक्या घाईनं उठवलंस. म्हटलं, बघू तरी ही काय करते त्याचं." त्यांनी वहिनींचा हात आपल्या मांडीवर घेतला. "माझ्यापासून लपवलंस म्हणून राग नाही आला. बरं वाटलं. आणि तुझा शेवट चांगला आहे. वर्षातला सगळ्यात चांगला, माझ्या मते."

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही फुटलं. समोरून बस येत होती, पण दोघेही उठले नाहीत.

"पुढे सांग," यजमान म्हणाले. "घरी आल्यावर काय करतो तो?"

"काय करणार? आंघोळ करतो," वहिनी म्हणाल्या. "मग बायको त्याला सांगते, आज कुठे जाऊ नका. आणि तो ऐकतो."