रात्रपाळीचा शंख
दत्तोपंतांनी गाल फुगवून पुन्हा फुंक मारली. आवाज म्हणावा असा निघालाच नाही, नुसतं फुस्स झालं.

"जोर लावा की जरा," त्यांच्या पत्नी जानकीबाई म्हणाल्या. "व्याही येतील आता."

"जोराचा प्रश्नच नाही. हा शंख नव्हेच, नॉटिलस आहे." शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या दत्तोपंतांना राहवेना. "आत खोल्याच खोल्या. प्राणी वाढला की पुढे सरकतो आणि मागे भिंत घालतो. राहतो शेवटच्या खोलीत, बाकीच्यांत वायू भरतो आणि त्यावर तरंगतो. आपल्या व्याह्यांनी, केसरीनाथांनी, फुंकायला भोक पाडलंय ते नेमकं बंद खोलीत!"

"राहतो कुठे?" त्यांच्या लेकीनं, सरलेनं विचारलं.

"फिलिपिन्सकडे, प्रवाळाच्या उतारावर, खोल काळोखात. रात्री वर येतो खायला."

"म्हणजे रात्रपाळी," सरला म्हणाली. भिवंडीच्या नारपोलीत, रात्रंदिवस चालणाऱ्या यंत्रमागांच्या शेजारी वाढलेल्या मुलीला दुसरं काय सुचणार!

जानकीबाईंना मात्र हसू येईना. केसरीनाथ बांगलादेशच्या लढाईच्या साली निवृत्त होईपर्यंत बोटीच्या इंजिनरूममध्ये होते. सरलेला धाकट्या मुलासाठी बघायला आले तेव्हा हा शंख देऊन म्हणाले होते, "तुमच्या देवघरात हा वाजला की सुपारी फोडू." आता वाजला नाही तर माणसं अपशकुन मानायची आणि जमलेलं मोडायचं.

केसरीनाथ आले, ते त्यांच्या खणखणीत आवाजामुळे गल्लीच्या तोंडापासूनच कळलं. सोबत पत्नी राहीबाई होत्या. आरती झाली. दत्तोपंतांनी खरं सांगून टाकायचं ठरवलं होतं.

"केसरीनाथ, हा जो प्राणी—"

"वाजवा, वाजवा!"

नेमका शुक्रवार, मागांच्या सुट्टीचा दिवस होता. एरवी खडखडाटात बुडालेली गल्ली माग बंद असल्यामुळे चिडीचूप होती. दत्तोपंतांनी फुंक मारली. फुस्स. जानकीबाईंनी डोळे मिटून घेतले.

केसरीनाथांनीही मिटले होते, पण हात जोडून. "वा! काय नाद आहे!"

चुकलेलं उत्तर सुधारायला दत्तोपंतांनी तोंड उघडलं, तोच राहीबाईंनी हळूच मान हलवली.

"इंजिनानं कान नेलेत त्यांचे, पण कबूल करायचे नाहीत," त्या पुटपुटल्या. "याचीच जोड आमच्या देवघरात आहे. थोरली सून रोज वाजवते, अस्संच फुस्स. घरात आजवर कुणी त्यांना काही बोललेलं नाही."

दत्तोपंतांनी सरलेकडे पाहिलं. लेक बऱ्या माणसांत पडणार, एवढं त्यांना कळलं आणि डोळे भरून आले.

"सरला, सुपारी आण," ते म्हणाले. मग व्याह्यांना ऐकू जाईल अशा बेतानं ओरडले, "आणखी एकदा वाजवू?"

आणि त्यांनी गाल फुगवले.