बोलू न दिलेल्या वकीलबाईंचा टोप

टक्! पत्र्याच्या डब्याचं झाकण उघडलं. घर इतकं गप्प होतं की तेवढाही आवाज मोठा वाटला. दोन इवले हात आत आले.

"आई, हा मेलाय का गं?" येयरानं विचारलं.

मेलेलो नाही, मित्रांनो. मी एक जुना टोप आहे, वकिलाचा. घोड्याच्या केसांचा, कानांवर वळ्या असलेला. येयराच्या आईचे, म्हणजे एन्योनामचे मामा मला घालून समुद्रकाठच्या केटा गावच्या न्यायालयात उभे राहत. आमच्याकडे कोरा पांढरा टोप घालून आलात की जुने वकील चेष्टा करतात, "काय हो, कालच जन्मलात वाटतं?" मग नवी पोरं टोप गुपचूप चहात बुडवून पिवळा करतात. माझा पिवळेपणा मात्र घामाचा आणि खाऱ्या वाऱ्याचा आहे.

मामांनंतर मी एन्योनामचा झालो. किती मान होता तेव्हा! कोळणी म्हणायच्या, "आमची वकीलबाई बोलायला लागली, की समोरच्याची मासळी नासलीच म्हणून समजा." मी तिच्या डोक्यावर तोऱ्यात बसायचो.

मग एका अशिलानं तक्रार केली की, एन्योनामनं त्याच्या जमिनीचं गुपित विरोधी पक्षाला विकलं. वकिलांच्या शिस्त समितीनं तिला बोलावलंच नाही. तिच्या पाठीमागेच बैठक घेतली आणि तिची वकिलीची सनद काढून घेतली. ती चिडून उच्च न्यायालयात गेली. तारीख पडे, पुढे ढकलली जाई, पुन्हा पडे. मी डब्यात कुबट होत राहिलो.

अखेर सुनावणी लागली. त्या सकाळी तिनं सवयीनं मला डोक्यावर चढवलं. समितीचा वकील ताडकन उठला. "माय लॉर्ड, सनद नाही आणि टोप कसला घालतात या?"

सगळे हसले. तिनं मला काढून मांडीवर घेतलं आणि ती बोलू लागली.

न्यायाधीश म्हणाले, "टोपाशिवाय कुणी वकिली केली, तर कोर्टाच्या रिवाजानं मला ऐकू येत नाही. तुमचे वकील बोलतील, बाई. बसा."

तिचा वकील गामेली बोलला, चांगला बोलला. पण जिनं उभ्या गावासाठी तोंड उघडलं, तिनं स्वतःच्या वेळी गप्प बसायचं? तिची बोटं माझ्या वळ्या पिळत होती.

निकाल लागला. समितीनं तिला न ऐकता निर्णय दिला, म्हणून तो रद्द. बाहेर गामेली नाचायचाच बाकी होता.

"जिंकलो, ताई! आज भेंडीचं कालवण आणि मक्याच्या पिठाचे आक्प्ले गोळे तुझ्याकडून!"

"काय जिंकलो रे? मी गुपित विकलं नाही, असं म्हटलं का कोर्टानं?"

"ते कोर्टाचं काम नाही. समिती नीट वागली का, एवढंच ते बघतं. तू नीट वागलीस का, ते समितीच पुन्हा ठरवणार."

"कुठली समिती?"

गामेलीनं मान खाली घातली. "तीच."

त्याच आठवड्यात समितीनं, चौकशी संपेपर्यंत सनद बंदच, असं कळवलं. मी पुन्हा डब्यात. आता मला कसर लागू लागली आहे. मित्रांनो, जुन्या वस्तूंना हवा दाखवा, नाहीतर त्या आतून संपतात. आणि कुणावर ठपका ठेवण्याआधी त्याला बोलू द्या. बोलू दिलंत, तर ऐकाही. इतकं अवघड आहे का हो हे?

येयरानं मला स्वतःच्या डोक्यावर घातलं. मी तिच्या नाकापर्यंत घसरलो. एन्योनामला हसू आलं. तिनं मला वर सारून लेकीची पापी घेतली.

"आई, माझ्या वर्गातल्या डेलाची आई सगळ्यांना सांगते की तू गुपित विकलंस. पण तू कोर्टात जिंकलीस ना? मग उद्या शाळेत मी डेलाला काय सांगू?"