फाटक उघडल्यानंतर

मित्रांनो, मी जोडे शिवणारे एक जुने मशीन आहे. सरहद्दीजवळच्या गावात, एका छोट्या कारखान्यात माझी उमेदीची वर्षे गेली. उस्ताद माझ्यावर चामडे शिवत आणि त्यांची बायको तळ चिकटवत असे. शेजारच्या देशाशी हाडवैर होते, सरहद्दीचे फाटक बंद होते. त्यामुळे गावातला जवळजवळ प्रत्येक जोडा माझ्याच सुईखालून जाई. "हा आमचा थोरला कमावता मुलगा," असे उस्ताद माझ्याकडे बोट दाखवून सांगत.

मग दोन्ही देशांची दिलजमाई झाली. फाटक उघडले तेव्हा उस्तादही आनंदाने नाचले. पण त्याच फाटकातून पलीकडचे स्वस्त जोडे ट्रक भरभरून आले. आमचे गिऱ्हाईक तुटले. एके दुपारी भंगारवाला आला आणि हातोडीने माझे चाक ठोकून बघू लागला. 

तेवढ्यात पलीकडचा एक कारखानदार जुनी मशिने शोधत तिथे पोहोचला. "मशीन घेतो, पण चालवणारेही हवेत. येता का दोघं?"

"ज्यांच्या तोफांनी आमची झोप उडवली, त्यांच्या दारात जायचं?" उस्तादांची बायको म्हणाली.

"मग इथं चूल कशी पेटवायची, ते तरी सांग," उस्ताद पुटपुटले.

तिने मला जुन्या चादरीत गुंडाळले. फाटकात शिपायाने माझ्या बुडाखाली हात घालून तपासणी केली, तेव्हा उस्तादांच्या तोंडचे पाणी पळाले होते.

आता इथे काम भरपूर आहे, पण जीव मुठीत धरून. "परक्यांनी आमच्या पोटावर पाय दिला!" असा ओरडा रस्त्यावर रोजचाच. आज तर खिडकीतून दगड आला आणि काचांचा खच माझ्यावर पडला. आमच्यासोबत काम करणाऱ्या इथल्याच एका बाईने धावत जाऊन दाराला कडी घातली.

"वहिनी, आत सरका," ती म्हणाली. "बाहेर माझा भाऊही आहे."

"तुझा भाऊ?"

"कातडी कमावून चामडं करायचा तो. तुमच्याकडचं स्वस्त चामडं आलं आणि त्याचा धंदा बसला."

मित्रांनो, स्वस्त जोडा मिळाला तर खुशाल घाला. पण त्यापायी ज्यांचे काम सुटले, त्यांची विचारपूस करा. ती वेळेवर झाली असती, तर त्या भावाच्या हाती दगड आला नसता. बाहेरचा गलका अजून थांबलेला नाही. दोघी माझ्या दात्यांतून काचा वेचत आहेत, आणि कुणाची बोटे कुठली, ते मला सांगता येत नाही.