लिमासोलला गेलेली कपाटं

स्तावरोस पहिल्यांदा आमच्या घरी जेवायला आला ते १९८२ साल. तो सायप्रसचा. तिथल्या सरकारच्या वतीने गल्फमध्ये फिरायचा आणि मोठ्या कंपन्यांना सांगायचा, की तुमची कागदपत्रांची कामं आमच्या बेटावर आणा. आमच्या कंपनीची ऑफिसं दोहा, कुवेत, मस्कत अशी चार-पाच ठिकाणी होती. बैरूतचं मुख्य ऑफिस युद्धात बंद पडल्यापासून प्रत्येक जण आपापलं बघत होता. पगार, रजा, तिकिटं, व्हिसा, सगळं जिथल्या तिथे. दोह्यात ते काम माझ्याकडे होतं. म्हणून साहेब म्हणाले, "राजाभाऊ, याला तुमचं काम कसं चालतं ते दाखवा. हॉटेलचं खाऊन कंटाळलाय, एकदा घरीही न्या."

तेव्हा आम्ही दोह्यात अल सद्द भागात कंपनीच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. शशीने भरली वांगी केली, वरण-भात केला. स्तावरोस दोनदा वांगी मागून जेवला. म्हणाला, आमच्याकडेही वांगी करतात, पण इतकी तिखट नाहीत. मग बेटाबद्दल सांगायला लागला. टेलिफोन चांगले, टॅक्स नावाला, मुली इंग्रजी शिकलेल्या आणि लंडनच्या निम्म्या पगारात काम करणाऱ्या. हे सगळं तो ऑफिसातही दोनदा बोलला होता. शशीने मला विचारलं, "यांचं स्वतःचं गाव कुठलं?"

मी इंग्रजीत विचारलं. तो म्हणाला, मोर्फू. चौऱ्याहत्तरला तुर्की फौज आली तेव्हा आईवडिलांना घेऊन निघाला, परत जाता आलं नाही. संत्र्यांची बाग होती.

शशी म्हणाली, "मग झाडांना पाणी कोण घालतं, विचारा."

मी विचारलं. त्याने हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाला, "हे मला अजून कोणी विचारलं नव्हतं."

तो गेल्यावर भांडी आवरताना मी शशीला म्हटलं, या माणसाला जेवू घातलंस, तो माझंच काम घेऊन चाललाय. ती म्हणाली, "जाऊ दे की. त्यांची घरं गेलीत. तुमचं काय, तुम्ही कुठेही बसून कागदच लिहिणार."

पुढच्या वर्षी कंपनीने सायप्रसमध्ये लिमासोलला ऑफिस उघडलं. गल्फमधल्या सगळ्या माणसांचे पगार, रजा, तिकिटं तिथून व्हायला लागली. आमच्या फायलींची कपाटं लाकडी खोक्यांत भरून गेली. माझ्या खोलीत टेबल, टेलिफोन आणि मी एवढंच राहिलं. शेजारच्या खोलीत टेलेक्सवर शफीक होता, रत्नागिरीचा. ऑफिसात मराठी बोलायला आम्ही दोघंच.

आता कोणी माझ्याकडे आला की मी टेलेक्स लिहायचा, शफीकने पाठवायचा आणि दोघांनी वाट बघायची. आमच्याकडे गुरुवारी दुपारनंतर आणि शुक्रवारी सुट्टी. त्यांच्याकडे शनिवार-रविवार. म्हणजे बुधवारी विचारलेल्याचं उत्तर गुरुवारी सकाळी आलं तर आलं, नाहीतर सोमवारी. उन्हाळ्यात ते दुपारी घरी जायचे ते परत यायचेच नाहीत. जालिंदर ड्रायव्हरने बहिणीच्या लग्नासाठी रजा मागितली होती. ती मंजूर झाली तेव्हा बहीण सासरी नांदत होती. जालिंदर मला म्हणाला, "राजाभाऊ, आता बारशाचा अर्ज आत्ताच करून ठेवू का?"

लोक हसायचे. मीही हसायचो.

पंच्याऐंशीच्या एप्रिलमध्ये शशी गेली. बुधवारी दुपारी डोकं दुखतंय म्हणाली, संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये नेली, तिथून परत आली नाही. डोक्यात रक्तस्राव झाला असं डॉक्टर म्हणाले. तिला आजार असा कधी नव्हताच. दुपारी तिने गवार मोडून ठेवली होती. ती ओट्यावर तशीच होती.

दोह्यात दहनाची सोय नव्हती. आमच्यात कोणी गेलं की विमानाने घरी न्यायचं. आमचं घर नाशिकला. मुलगी नीता तिथे माझ्या थोरल्या भावाकडे कॉलेजसाठी राहत होती. आईला तिने दीड वर्षापूर्वी पाहिलेलं. मला शशीला तिच्यापर्यंत न्यायचं होतं. दुसरं काही डोक्यात नव्हतं.

गुरुवारी सकाळी महमूद आला. महमूद पॅलेस्टिनी, कंपनीची सरकारी कामं तोच करायचा. त्याने मला समोर बसवून सांगितलं, "हॉस्पिटलचा दाखला झाला. पोलीस मी बघतो. वकिलातीत तिचा पासपोर्ट रद्द करून घ्यायचा, मग विमान. पासपोर्ट दे, संध्याकाळपर्यंत खलास."

पासपोर्ट कंपनीकडे असायचे. साहेबांनी तिजोरी उघडली. माझा होता, बाकी माणसांचे होते. शशीचा नव्हता. कोणाच्याच बायकोचा नव्हता.

माझ्या लगेच लक्षात आलं. माणसांचे पासपोर्ट तिजोरीत आणि बायकामुलांचे ज्याच्या त्याच्या फायलीत, पाकिटात घालून, अशी आमची जुनी पद्धत. बैरूतपासूनची. लिमासोलहून फायली मागवल्या तेव्हा कपाटं होती तशी खोक्यात घातली. पाकिटं काढा असं कोणी म्हटलं नाही, कारण कोणी विचारच केला नाही. शशी दोह्यात होती आणि तिचा पासपोर्ट भूमध्य समुद्रात.

शफीकने टेलेक्स लावला. उत्तर नाही. टेलिफोन लावला. वाजत राहिला.

साहेब इंग्रज. म्हणाले, "ईस्टर तर गेल्याच रविवारी झाला. आज ते असायलाच हवेत."

महमूद दारात उभा होता. तो म्हणाला, "तुमचा झाला. त्यांचा या रविवारी आहे. ते ऑर्थोडॉक्स. आमच्या गावात निम्मे तसलेच होते. आज गुरुवार, उद्या त्यांचा मोठा शुक्रवार, मग ईस्टर, मग सोमवार. मंगळवारीही आले तर नशीब."

साहेब म्हणाले, पासपोर्ट हरवला अशी पोलिसात तक्रार द्या, वकिलात नवीन कागद देईल. महमूदने मान हलवली. हरवला म्हटलं की चौकशी, पेपरात जाहिरात, आणि इतके दिवस ती तिथे शवागारात. "आणि तो हरवलेला नाही," मी म्हणालो. "कुठे आहे ते मला माहीत आहे. कपाट माहीत आहे, कप्पा माहीत आहे."

"पण किल्ली तिकडे," साहेब म्हणाले. त्यांनाही वाईट वाटत होतं. त्याचा उपयोग नव्हता.

दुपारी ऑफिस बंद झालं. शुक्रवार तसाच गेला. मी शवागारात गेलो, तिथल्या माणसाने आत सोडलं नाही, बाहेर बाकावर बसू दिलं.

शशी गेल्याचं मी गुरुवारी पहाटेच फोनने कळवलं होतं. शनिवारी सकाळी नाशिकला परत कॉल लागला. निवृत्तीदादा फोनवर होता.

"कधी निघताय?"

"पासपोर्ट आला की."

"कधी येणार?"

"माहीत नाही, दादा."

"गुरुवारपासून घरात गॅस पेटवलेला नाही. शेजारचे पिठलं-भाकरी आणून देतात. सिन्नरची सगळी मंडळी येऊन बसलीत. लोक विचारतात, काय सांगू?"

"पासपोर्ट सायप्रसला आहे म्हणून सांग."

"ते कुठे आलं?"

मी सांगितलं. तो म्हणाला, "ती दोह्याला वारली ना? मग तिकडे कशाला गेला पासपोर्ट?"

मग दादा आवाज खाली आणून म्हणाला, "गुरुजींनी सांगितलंय, देह येणार नसेल तर दर्भाचा पुतळा करून अग्नी देता येतो. तुझी वहिनीही म्हणते, असं किती दिवस ठेवायचं. उद्या सकाळी करून घेऊ."

"दादा, ती हरवलेली नाही. बुडालेली नाही. इथे आहे."

"मग आण."

"आणतो. थांब फक्त."

"किती थांबू?"

लाइन तुटली. परत लागली नाही.

शफीक माझ्याजवळ उभा होता. म्हणाला, "राजाभाऊ, तो तुमच्याकडं वांगी खाऊन गेलेला, त्याचा नंबर हाय ना?"

मला हे सुचलंच नव्हतं. स्तावरोसचं कार्ड माझ्या टेबलाच्या खणात होतं, मागे घरचा नंबर. दुपारी लागला. मागे बरीच माणसं बोलत होती, भांडी वाजत होती. मी नाव सांगितलं. त्याला आठवेना. मी म्हणालो, "अल सद्द. वांगी."

"झाडांना पाणी," तो म्हणाला.

मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, ते ऑफिस माझं नाही, कंपनीचं आहे. मी म्हणालो, ठाऊक आहे. त्याने तिकडच्या माणसांना ग्रीकमध्ये गप्प केलं. मग म्हणाला, "पण तिथल्या मुली मीच शोधून दिल्या आहेत. किल्ली त्यांतल्या एकीकडे असते. ती सणाला गावी गेली आहे, डोंगरात. बघतो." आणि विचारलं, "कुठलं कपाट?"

"हिरवं. दुसरा कप्पा. माझ्या फायलीच्या शेवटी पाकीट आहे, त्यावर बायकोचं नाव आहे."

रविवारी आमचं ऑफिस चालू होतं आणि मी टेलिफोनसमोर बसून होतो. नाशिक लागत नव्हतं, पुढचे दोन दिवसही लागलं नाही. संध्याकाळी स्तावरोसचा फोन आला. सकाळी चर्चमधून थेट त्या मुलीच्या गावी गेला, तिला गाडीत घालून लिमासोलला आणली, पाकीट काढलं, आणि बहरीनला निघालेल्या एका ओळखीच्या इंजिनियरच्या हातात विमानतळावर दिलं. "मुलीची आई माझ्यावर रागावली आहे," तो म्हणाला. "कोकरू कापायच्या वेळेला मुलगी पळवली म्हणून."

सोमवारी बहरीनच्या विमानाने पासपोर्ट आला. मंगळवारी महमूदने वकिलातीतलं आणि विमानाचं काम उरकलं. एका दिवसात. पासपोर्ट हातात असता तर गुरुवारीच झालं असतं, हे तो मला म्हणाला नाही, पण आम्हा दोघांनाही माहीत होतं.

बुधवारी मुंबईला उतरलो, तिथून गाडीने नाशिक. घराच्या गल्लीत शिरताना फोडणीचा वास आला. दारात नीता उभी होती. ती पुढे आली आणि म्हणाली, "बाबा, काकांनी केलं. काल. मी नको म्हणत होते."

दादा मागे उभा होता. म्हणाला, "मी सोमवारपर्यंत थांबलो. तुझा फोन नाही, तार नाही."

तार मला सुचली नव्हती. सुचली असती तरी काय लिहिलं असतं?

नीता म्हणाली, "ते पुतळ्याला आईची साडी मागत होते. मी कपाटाला कुलूप लावलं. मग सरोजकाकूंनी त्यांची दिली."

गुरुजींना बोलावलं. ते अडचणीत पडले. म्हणाले, "एकदा अग्नी दिल्यावर परत... विधी तर पूर्ण झालेला आहे."

मी म्हणालो, "गवताचा झाला. आता माणसाचा करू."

गुरुजींनी थोडक्यात जे करायचं ते केलं. नीताने कुलूप उघडून निळी साडी आणली, ती घातली. स्मशानातून परत आलो तेव्हा घरात आमटी झाकून ठेवलेली होती. सरोजवहिनी म्हणाली, "आता काय करायचं हिचं?" दादा म्हणाला, "ओत." तिने मोरीत ओतली आणि गॅस बंद केला. रात्री परत शेजारचं पिठलं आलं.

मी दादाला दोष दिला नाही. कोणाला द्यायचा तेच मला कळत नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग येत होता. साहेब चांगले, महमूद चांगला, स्तावरोस तर चांगलाच. लिमासोलच्या मुलींना मी पाहिलेलंही नाही. सगळे आपापलं काम नीट करत होते. पण एका घरात बायको मेली तर तिचा कागद तिच्या घरापासून किती लांब असावा, हे कोणाच्याच कामात बसत नव्हतं.

दोह्याला परतलो तेव्हा टेबलावर टेलेक्स पडला होता. लिमासोलचा, आमच्या गुरुवारच्या टेलेक्सला उत्तर. दुःख झालं असं लिहिलं होतं, आणि खाली, पुढील कार्यवाहीसाठी मयताचा स्टाफ नंबर कळवावा.

मी तो वाचत होतो तेवढ्यात स्तावरोसचा फोन आला.

"वेळेत पोचलं का?" त्याने विचारलं.

"पोचलं," मी म्हणालो. "मुलीला आई बघायला मिळाली. तुमच्यामुळे."

"देवाची कृपा," तो म्हणाला. मग म्हणाला, एक जर्मन कंपनी येते आहे, पुढच्या वर्षी आणखी मुली लागतील. मी म्हणालो, चांगलं झालं. त्याने मला एकदा बेटावर यायला सांगितलं. मी इन्शाल्ला म्हटलं आणि फोन ठेवला.

शफीक दारातून ऐकत होता. "वेळेत कुठं पोचलं? खोटं कशाला बोललात?"

"तो सणाचं जेवण सोडून गेला होता, शफीक."

माझ्या हातातला टेलेक्स घेऊन त्याने वाचला आणि मशीनसमोर जाऊन बसला. "सांगा, काय पाठवू?"

शशीला स्टाफ नंबर नव्हता. मी माझा सांगितला.