गवताच्या अकरा जुड्या

ॲग्नेसला रिकाम्या हाताने कबरस्तानात जाणं माहीत नव्हतं. म्हणून सिडनीतल्या गिरावीनहून निघताना तिने पिशवीत वेंटवर्थव्हिलच्या दुकानातली झेंडूची फुलं घातली, मेणबत्त्यांचा पुडा घातला आणि परसातलं खुरपंही घातलं. खुरपं बघून तिचा मुलगा रॉयस्टन हसला.

"आई, आपण मेरिलचं एक्झिबिशन बघायला चाललोय. वांगी लावायला नाही."

"तू गाडी चालव," ती म्हणाली.

मेरिल म्हणजे रॉयस्टनची मुलगी, ॲग्नेसची एकुलती एक नात. युनिव्हर्सिटीत कला शिकत होती आणि गेले आठ महिने जमेल तेव्हा ब्रिगन्स क्रीक नावाच्या गावी जात होती. डोंगर ओलांडून सहा तास पश्चिमेला गेलं की ते गाव येतं. दीडशे वर्षांपूर्वी तिथे सोनं सापडलं आणि पुरुषांच्या झुंडी आल्या. त्यांचे कपडे धुवायला, रांधायला, बाळंतपणं करायला बायका आल्या. काही तर आधीपासून तिथल्याच होत्या, त्या मातीतल्या. पुरुष मेले, त्यांच्यावर दगड उभे राहिले. बायकांतल्या चाळीस जणी कबरस्तानाच्या कुंपणाबाहेर पुरल्या गेल्या आणि कुणाचंही नाव कुठे लिहिलं गेलं नाही.

"चाळीस जणी, आजी! कोणी बघतच नाही त्यांच्याकडे," मेरिल फोनवर म्हणाली होती. "मी तिथेच, ओपनमध्ये, काहीतरी करतेय. काय ते आत्ता सांगणार नाही. सरप्राइज! पण ओपनिंग दोन नोव्हेंबरला ठेवलंय. फॉर यू."

दोन नोव्हेंबर हा मृतांचा दिवस. तिच्या वसईला त्याआधी घरोघरची माणसं खुरपी घेऊन कबरस्तानात जातात, तण काढतात, माती सारखी करतात, क्रुसाला चुना लावतात. आपल्या माणसावर गवत माजू दिलं म्हणजे मागे कोणी उरलं नाही, किंवा जे उरले ते नालायक निघाले, असं लोक समजतात. नातीने तारीख आपल्यासाठी ठेवली, म्हणजे साफसफाईही आपल्यासाठीच ठेवली, असं ॲग्नेसने मनाशी धरलं.

ह्या कामाची तिला ओढ लागायला आणखी एक कारण होतं. ते तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

चौदा वर्षांपूर्वी ती सिडनीत आली तेव्हा तिला अक्षर येत नव्हतं. सुनेला, सिंथियाला, मात्र तिने चौथी पास असल्याचं सांगितलं होतं. दुसऱ्या वर्षी तिच्या भावाचं, हेन्रीचं, पत्र आलं. सिंथियाने ते मिनिटभरात वाचून दाखवलं असतं, पण मग चौथी पासचं पितळ उघडं पडलं असतं. ॲग्नेसने पत्र प्रार्थनेच्या पुस्तकात दडवलं. फोनवर हेन्री त्याबद्दल बोलला नाही, तिनेही विचारलं नाही. पुढे आठ वर्षांच्या मेरिलला ती दर शनिवारी पेंडल हिलला अंजूबाईंच्या मराठी वर्गाला सोडायला जाऊ लागली, मागच्या बाकावर बसू लागली. नात अ आ गिरवायची, आजीही गिरवायची. वाचता यायला लागल्यावर तिने पहिलं काही वाचलं असेल, तर ते पत्र. कबरस्तानात जागा कमी पडतेय, आईची कबर दुसऱ्यासाठी उघडणार आहेत, हाडं भिंतीतल्या खणात ठेवायची असतील तर ईस्टरच्या आत कळव, असं हेन्रीने लिहिलं होतं. तोवर तीन ईस्टर उलटून गेले होते. आईच्या जागेवर कुणा दुसऱ्याचा क्रूस उभा होता.

ब्रिगन्स क्रीकला ते शनिवारी अंधार पडल्यावर पोहोचले. रविवारी उजाडताच ॲग्नेस मोटेलमधून बाहेर पडली. रॉयस्टन घोरत होता. समोरच रस्त्यापलीकडे कबरस्तान होतं आणि कुंपणाबाहेर चाळीस लांबट उंचवटे, प्रत्येक एका बाईच्या लांबीचा. सगळ्यांवर गुडघ्याएवढं तांबूस गवत माजलेलं.

"अरे देवा, काय दशा केली आहे तुमची," ती मोठ्याने म्हणाली आणि गुडघे टेकले.

माती ओली होती. खुरपं लोण्यासारखं आत जात होतं. साऱ्या आयुष्यात तिने हेच केलं होतं. मेथी, माठ, मुळा. मूळ न तोडता गवत उपटायचं, माती झटकायची, मुळं एका बाजूला करायची, गवताचीच काडी वळून जुडी बांधायची. एका कबरीचं गवत, एक जुडी. हात आपोआप चालत होते. आपल्या आईसाठी जे झालं नाही, ते इथे होत होतं. अकरा कबरी आरशासारख्या स्वच्छ झाल्या. अकरा जुड्या घेऊन ती पाण्याच्या टाकीमागच्या झाडाखाली ठेवायला गेली. फुलं नि मेणबत्त्या चाळीसही झाल्यावरच काढायच्या, असं तिने ठरवलं होतं.

तेवढ्यात पाण्याची झारी घेऊन एक बाई आली. पांढऱ्या केसांची, सावळी, ॲग्नेसच्याच वयाची. ही बेव्ह. मेरिल तिच्याबद्दल नेहमी बोलायची. ह्या मातीतली मूळची बाई, तिची पणजी ह्याच चाळीसांत होती. कुठली, ते कोणालाच माहीत नव्हतं.

बेव्ह टोकाच्या कबरीवरच्या गवताला पाणी घालू लागली. हळूहळू, एकेका बुंध्याला.

ॲग्नेस झाडामागून बघत होती. तणाला कोण पाणी घालतं?

मग बेव्हची नजर उघड्या मातीवर गेली. झारी हातातून सुटली. तिने फोन लावला. ॲग्नेसचं इंग्रजी मोडकं होतं, पण एवढं कळायला पुरेसं होतं. "मेरिल, गवत गेलं! अकरांवरचं गेलं. आठ महिने, बाळा, आठ महिने!"

झाडामागून दोन पावलं पुढे टाकली असती, तर काम तिथेच मिटलं असतं. ॲग्नेसने ती टाकली नाहीत. हातात खुरपं धरून ती झाडाला पाठ लावून उभी राहिली, आणि बेव्ह फाटकाकडे वळताच मागच्या वाटेने मोटेलवर पळाली. बहात्तर वर्षांची बाई, चोरासारखी. बेसिनमध्ये तिने नखं घासली. नखांतली माती गेली, हिरवं गेलं नाही.

नऊ वाजता ती रॉयस्टनबरोबर पुन्हा तिथे गेली, तेव्हा मेरिल आलेली होती. डोळे सुजलेले. तरी आजीला तिने मिठी मारली आणि सरप्राइज काय होतं ते सांगितलं.

"पुरुषांना दगड मिळाले ना, आजी. ह्यांना आम्ही इथलं मूळचं गवत दिलं. गाव व्हायच्या आधी इथे सगळीकडे हेच होतं. आता फक्त रेल्वेच्या कडेला उरलंय. बेव्हने एकेक बी वेचलं. दॅट वॉज द होल वर्क. गवत हेच सगळं एक्झिबिशन होतं."

"कोणी केलं असेल?" रॉयस्टनने विचारलं.

"बघते," म्हणून मेरिल टाकीमागे गेली.

मेरिल झाडाखाली वाकली, बराच वेळ तशीच राहिली. गिरावीनच्या परसात ह्याच आजीच्या शेजारी बसून ती मेथीच्या जुड्या बांधायला शिकली होती. मुळं एका बाजूला, काडीला दोन वेढे, टोक आत खोचलेलं. पृथ्वीच्या पाठीवर तिने आणखी कोणाच्या हातची तशी जुडी पाहिली नव्हती.

तिने शेजारची ताडपत्री ओढून जुड्यांवर टाकली आणि परत आली. आजीकडे पाहिलं नाही.

"काही नाही तिथे," ती बेव्हला म्हणाली. "बकऱ्या असतील. कॉलिनच्या."

कॉलिन म्हणजे शेजारच्या कुरणाचा म्हातारा. तो हॅट हातात घेऊन तिथेच उभा होता. "फाटक मी लावलं होतं," तो पुटपुटला. मग मान खाली घालून म्हणाला, "पण आता माझा माझ्यावर भरवसा नाही. सॉरी, बेव्ह. खरंच सॉरी."

ज्या पोरीला ॲग्नेसने कधी खोटं बोलू दिलं नव्हतं, ती तिच्यासाठी खोटं बोलली होती. आणि एक परका म्हातारा तिच्या वाटची माफी मागत होता. धरणीने पोटात घेतलं असतं, तर ॲग्नेस आनंदाने गेली असती. पण ह्या धरणीवर तर तिने नुकतंच खुरपं चालवलं होतं.

"बकऱ्या नाहीत," ती मराठीत म्हणाली. मग इंग्रजीत, "नॉट गोट. मी." आणि तिने पिशवीतून खुरपं काढून पुढे धरलं.

"आई!" रॉयस्टन ओरडला.

"गप्प बस. मेरिल, सांग त्यांना. मी सांगते तसं सांग. आमच्याकडे आजच्या दिवशी गवत काढतात. मला वाटलं, ह्यांचं कोणी नाही. आणि ह्या आल्या तेव्हा मी त्या झाडामागे होते. लपले होते. तेही सांग. ते गाळू नकोस."

मेरिलने गाळलं नाही. कॉलिनने हॅट डोक्यावर घातली.

बेव्ह खुरप्याकडे बघत राहिली. "तू चांगल्या मनाने केलंस, ते समजलं," ती म्हणाली. "लपलीस, ते नाही समजलं. माझी पणजी त्या अकरांत होती की नाही, हेही मला कळायचं नाही." एवढं बोलून तिने झारी उचलली आणि उरलेल्या एकोणतीसांना पाणी घालायला निघून गेली.

अकरा वाजता लोक येणार होते. "जुड्या परत लावू या का? मुळं शाबूत आहेत," ॲग्नेसने घाबरत विचारलं.

"मातीबाहेर तीन तास पडल्यात, आजी. नाही जगणार." मेरिलने डोळे पुसले. "त्या जागा उघड्याच राहू दे. पण काय झालं ते लोकांना सांगायला हवं. तू लिही."

"मी? माझं अक्षर... इंग्रजी तर येतच नाही."

"मराठीत लिही. खाली इंग्रजी मी लिहीन. इतकी वर्षं मागच्या बाकावर कशाला बसलीस?"

लाकडी फळीवर, काळ्या रंगाने, ब्रश मुठीत धरून ॲग्नेसने लिहिलं. ओळ उजवीकडे घसरली. 'ग'ची उभी रेघ खाली ओघळली. लिहायला वीस मिनिटं लागली:

हे गवत मी उपटलं. मला माहीत नव्हतं. मग मी लपले. ॲग्नेस.

फळी पहिल्या उघड्या कबरीपाशी रोवली गेली. माणसं आली, तांबूस गवतातून फिरली, फळीपाशी थांबली. ॲग्नेस शेजारी उभी होती. रॉयस्टनने खुर्ची आणून दिली, ती बसली नाही. एका बाईने वाकून ती अक्षरं पाहिली आणि हे कोणी लिहिलंय, असं विचारलं. ॲग्नेसने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

"वाचून दाखवाल?" बाई म्हणाली.

ॲग्नेसने घसा साफ केला आणि वाचलं. चार वाजेपर्यंत तिने ते कितीदा वाचलं, हे तिने मोजलं नाही. एकदा, अगदी शेवटी, समोर बेव्ह उभी होती. तिच्यासाठीही तिने पहिल्या शब्दापासून वाचलं. 'मग मी लपले' ह्या शब्दांशी आवाज बसला, तेव्हा थांबली, आणि मग तेवढेच शब्द पुन्हा मोठ्याने वाचले.