टीव्हीने किती थांबायचं

मी टीव्हीला बोलायला शिकवते. खरं तर गप्प बसायला शिकवते, पण तसं सांगितलं की लोक विषय बदलतात. माणूस बोलता बोलता थांबला, की किती वेळाने त्याचं बोलणं संपलं असं टीव्हीने धरायचं, हे ठरवणं माझं काम. आमचे साहेब म्हणतात, झटपट. लोकांना धीर नसतो.

चाचणीसाठी एक सेट मी घरी आणला. पक्षाघाताचा झटका येऊन गेल्यापासून माझ्या सासऱ्यांना शब्द सापडतात, पण उशिरा. "मला..." म्हणून ते पुढचा शब्द शोधू लागले की टीव्ही म्हणे, "माफ करा, समजलं नाही. पुन्हा सांगाल का?" हे गोड वाक्य मीच लिहिलं होतं. शाबासकीही मिळवली होती. ते ऐकून ऐकून बाबांनी टीव्हीशी बोलणं सोडलं, मग आमच्याशीही. डॉक्टरांनी तर बजावलं होतं, बोलले नाहीत तर उरलंसुरलं बोलणंही जाईल. मला धडकी भरली.

तशी घरात त्यांच्या बोलण्यावाचून कुणाचं अडत नव्हतं. ते बोलत होते तेव्हाही, त्यांनी "मला" म्हटलं की सासूबाई "पाणी हवंय त्यांना" म्हणून वाक्य उरकून टाकत. बाबा मुकाट्याने पाणी पीत.

शेवटी साहेबांना न विचारता मी घरच्या सेटची थांबायची वेळ चांगली ताणली. फक्त बाबांचाच आवाज ऐकायचा, अशी तंबीही त्याला दिली.

संध्याकाळी बागकामाचा कार्यक्रम लागला. आजारपणापासून बाबांसाठी आम्ही रोज तोच लावायचो, त्यांच्या मनाला बरं वाटावं म्हणून. पडद्यावर एक बाई कुंडीतली माती बदलत होती.

"बाबा, एकदाच बोलून बघा," मी अगदी काकुळतीला आले. "तो थांबेल."

"मला..." बाबा म्हणाले.

"पाणी," म्हणत सासूबाई उठल्या आणि आत गेल्या.

टीव्ही गप्प.

"हे... बागकाम..."

टीव्ही गप्पच.

"कधीच... आवडलं नाही. बंद... कर. मारामारी... लाव."

"लावतो," टीव्ही म्हणाला, आणि दोन धटिंगण एकमेकांना बुकलू लागले. बाबांचा चेहरा इतका खुलला की मला रडूच आलं.

सासूबाई पेला घेऊन दारात उभ्या होत्या. "अहो, मग इतके दिवस सांगितलं का नाहीत?"

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं. "सांगत..."

सासूबाईंनी तोंड उघडलं. मग मिटलं.

"सांगतच... होतो."